घोडा, माणूस आणि दडी मारणारे विषाणू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पशुवैद्य होते. आयोजकांनी मला अट घातली ती एवढीच, की विषय जनावरांचा असावा, पण समोर बसलेल्या माणसांनाही तो आपला वाटावा. म्हणून मी हर्पिस विषाणू निवडले. या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात या घराण्यातला एक तरी विषाणू या क्षणी मुक्कामाला आहे. घाबरू नका, माझ्याही आहे.

सुरुवात घोड्यांपासून करतो. २०११ साली एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतल्या यूटा राज्यात ऑग्डेन इथे 'कटिंग' घोड्यांची मोठी स्पर्धा भरली होती. गुरांच्या कळपातून एक जनावर वेगळे काढायचे आणि त्याला परत कळपात घुसू द्यायचे नाही, असा हा खेळ. त्यातली बरीचशी अक्कल घोड्याची. स्वाराने शहाणपणा केला तर उलट गुण जातात. ८ मे रोजी स्पर्धा संपली आणि मालक आपापले घोडे गाड्यांत चढवून घरी गेले. काही दिवसांतच वेगवेगळ्या राज्यांतून सारखीच तक्रार येऊ लागली. घोड्याला ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, सईस निश्चिंत होतो, आणि मग एका सकाळी घोडा तबेल्यातून बाहेर येताना मागचे पाय फरपटू लागतो. शेपटी उचलून पाहिली तर हाताला जोरच लागत नाही, ती लोंबत असते. मूत्राशय भरून जाते आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. काही घोडे कुत्र्यासारखे पुढच्या पायांवर रेलून बसतात. पार आडवे झालेले क्वचितच उठतात. अखेर दहा राज्यांत ९० घोड्यांना लागण झाल्याचे सिद्ध झाले. त्यातल्या ३३ घोड्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाला होता आणि १३ घोडे मेले किंवा त्यांना मरण द्यावे लागले. त्या उन्हाळ्यात अनेक स्पर्धा रद्द झाल्या. यूटातल्या एका रोडिओत तर सुंदर पोशाख केलेल्या मुलींनी खऱ्या घोड्यांऐवजी काठीचे घोडे पायांत धरून रिंगणात कवायत केली. छायाचित्रे पाहून जगभर हसे झाले. साथ आवरण्याच्या दृष्टीने मात्र त्याहून शहाणपणाचे काही नव्हते.

या रोगाचा कर्ता घोड्याचा हर्पिस विषाणू क्रमांक एक. पशुवैद्यकात त्याला ईएचव्ही-१ म्हणतात, मीही तेच म्हणेन. घोड्याच्या नावावर असे नऊ हर्पिस विषाणू नोंदलेले आहेत. पैकी सहावा, सातवा आणि आठवा हे मुळात गाढवांचे. नववा तर १९९३ साली जपानमधल्या एका प्राणिसंग्रहालयात मेंदूच्या दाहाने मेलेल्या हरणांमध्ये सापडला आणि घोड्याच्या विषाणूशी नाते जुळले म्हणून घोड्याच्या खात्यावर पडला. योगायोगाने माणसाचेही नऊच आहेत, सहाव्याचे दोन प्रकार वेगळे मोजले तर. ओठाच्या कडेला पुरळ उठवणारा पहिला, जननेंद्रियांवर येणारा दुसरा, कांजिण्या आणि नागीण देणारा तिसरा, एपस्टाइन-बार हा चौथा, आणि अशी पुढे रांग. या सगळ्यांची खोड एकच. एकदा शरीरात शिरले की ते पुन्हा बाहेर पडत नाहीत. आजार बरा होतो, विषाणू राहतो.

घोडा आणि माणूस यांच्या विषाणूंत साम्य किती, हे सांगून व्याख्यान सहज रंगवता येईल. मला मात्र फरकांबद्दल बोलायचे आहे. या क्षेत्रात गेल्या शंभर वर्षांत जे महत्त्वाचे उमगले ते बहुतेक वेळा साम्य जिथे तुटले तिथे उमगले, असे माझे मत आहे. हे मत सर्वांना मान्य नाही.

१९३० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात शर्यतीच्या घोड्यांची पैदास हा मोठा धंदा. तिथे गाभण घोड्या अचानक गाभडत. सातव्या महिन्यानंतर, अनेकदा नवव्या-दहाव्यात, घोडीला ना ताप ना काही, संध्याकाळी चरत होती आणि सकाळी शिंगरू मेलेले. एका पागेत एकामागून एक घोड्या गाभ टाकत. तोपर्यंत असा गर्भपात दिसला की साल्मोनेला जातीच्या जिवाणूवर आळ घेण्याची पद्धत होती. डिमॉक आणि एडवर्ड्स या केंटकीच्या दोघा संशोधकांनी १९३३ साली वेगळाच प्रश्न विचारला : जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणारे काही तरी यामागे आहे का? त्यांनी मेलेली शिंगरे उघडून पाहिली. यकृतावर मोहरीच्या दाण्याएवढे आणि त्याहून बारीक पांढुरके ठिपके होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींच्या केंद्रकात एक परका गोळा बसलेला दिसे. आज कोणताही विकृतिशास्त्राचा विद्यार्थी ते पाहून 'हर्पिस' म्हणेल. त्या काळी त्यांनी फक्त 'विषाणू असावा' एवढेच म्हटले, आणि तेवढे म्हणायलाही धाडस लागत होते.

पुढची जवळपास पन्नास वर्षे हा विषाणू आणि घोड्यांच्या पडशाचा विषाणू एकच मानले जात. फार तर एकाचे दोन उपप्रकार. १९८१ साली त्यांची जनुके तपासल्यावर ते दोन स्वतंत्र विषाणू असल्याचे ठरले. पहिला आणि चौथा. चौथा बहुतेक करून नाकातच राहतो. पहिला नाकातून रक्तातल्या पांढऱ्या पेशींत चढतो आणि त्या पेशींवर स्वार होऊन गर्भाशयापर्यंत, मज्जारज्जूपर्यंत जातो. रक्तात तो मोकळा फारसा फिरत नाही, त्यामुळे प्रतिपिंडे असूनही त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. लसींच्या अपयशाचे एक मोठे कारण इथेच आहे.

आता माणसाकडे वळू. विषाणू दडून बसतो म्हणजे नेमका कुठे बसतो? विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वे कुशिंग हे मेंदूचे शल्यविशारद चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया करत. त्यांना दिसले की शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत रुग्णाच्या ओठाशी पुरळ उठते. पुढे अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की विषाणू त्वचेतून मज्जातंतूच्या वाटेने आत जातो आणि मज्जापेशींच्या गाठीत ठाण मांडतो. पुरावा मात्र १९७१ पर्यंत थांबला. स्टीव्हन्स आणि कुक यांनी उंदराच्या तळपायाला विषाणू टोचला, उंदीर बरे होऊ दिले आणि नंतर पाठीच्या कण्याजवळच्या मज्जागाठी काढल्या. त्या वाटून पाहिल्या तर विषाणू नाही. पण तशाच गाठी जिवंत ठेवून पेशींच्या सान्निध्यात काचेच्या भांड्यात वाढवल्या, तर काही दिवसांत विषाणू बाहेर येऊन आजूबाजूच्या पेशी मारू लागला. म्हणजे तिथे विषाणूचे कण नव्हतेच. नुसते जनुकीय द्रव्य होते, गप्प बसलेले.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारा माणूस प्रयोगशाळेतला नाही. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावचे साधे फॅमिली डॉक्टर. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांत त्यांच्या दवाखान्यात नागिणीचे १९२ रुग्ण आले. प्रत्येकाची त्यांनी नोंद ठेवली : वय काय, पुरळ कुठल्या बाजूला, आधी घरात कांजिण्या कोणाला होत्या. तोवर नागीण ही कांजिण्यांच्या रुग्णाकडून बाहेरून लागते असे अनेकांना वाटे. उलट नागीण झालेल्याच्या सहवासात मुलांना कांजिण्या होतात, हे हंगेरीतल्या बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. होप-सिम्पसन यांच्या वहीत मात्र नागिणीला साथच नव्हती. कांजिण्यांची लाट आली की नागीण वाढत नव्हती. वाढत होती ती वयाबरोबर. त्यांनी हिशेब मांडला की पंच्याऐंशी वर्षे जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना आयुष्यात एकदा तरी नागीण होईल. शेटलंड बेटांपैकी येल या विरळ वस्तीच्या बेटावरही त्यांनी हाच माग काढला, कारण तिथे बाहेरून कांजिण्या कधी आल्या हे घरोघर विचारून कळू शकत होते. १९६५ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जागाठीत पडून असतो, वयानुसार प्रतिकारशक्ती खाली उतरते आणि एक दिवस तो एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. पुढे जनुकीय तपासण्यांनी हे शब्दशः खरे ठरवले. त्यांच्याकडे एक वही, एक दवाखाना आणि बरीच चिकाटी होती. आजच्या अनुदान समितीने त्यांचा अर्ज पहिल्याच बैठकीत फेटाळला असता, असा मला दाट संशय आहे.

नागिणीबद्दल आपल्याकडे एक समज आहे. तिच्या तोंडाला शेपटी मिळाली, विळखा पुरा झाला, की माणूस दगावतो. त्या भीतीपोटी पुरळावर काय काय फासतात ते इथे वेगळे सांगायला नको. विळखा पुरा होत नाही त्याचे कारण शरीररचनेत आहे. पाठीच्या कण्यातून निघणारा प्रत्येक संवेदनेचा मज्जातंतू शरीराची फक्त डावी किंवा उजवी बाजू सांभाळतो. जागा झालेला विषाणू एका बाजूच्या एका गाठीतला असतो, म्हणून पुरळ छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबते. दोन्ही बाजूंना पसरलेली नागीण दिसली तर प्रतिकारशक्ती फार ढासळलेली आहे असे डॉक्टर धरतात. म्हणजे त्या समजुतीत घाबरण्याचे एक कारण होते, पण साप मात्र नव्हता.

आता पुन्हा घोड्याकडे, कारण इथेच माझा मुद्दा आहे. घोड्याचे मागचे पाय निकामी होतात हे पाहून अनेकांनी धरले की माणसाच्या हर्पिसप्रमाणेच हा विषाणूही मज्जापेशीत घुसून त्यांना मारत असणार. माणसात ओठावर पुरळ आणणारा विषाणू क्वचित मेंदूत जातो, कानशिलाच्या आतल्या भागात, आणि तिथल्या पेशी खरोखर कुजवतो. वेळीच औषध मिळाले नाही तर दहापैकी सात रुग्ण दगावतात. पण मेलेल्या घोड्याचा मज्जारज्जू आडवा कापून पाहिला तर चित्र निराळे दिसते. पांढऱ्या भागात इथे-तिथे तांबूस-तपकिरी डाग असतात, काही टाचणीच्या टोकाएवढे, काही मुगाएवढे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रत्येक डागाच्या मुळाशी एक बारीक रक्तवाहिनी सापडते, तिचे अस्तर सुजलेले आणि आत रक्ताची गुठळी. विषाणू त्या अस्तरात असतो. मज्जापेशी त्याने मारलेल्या नसतात, त्या रक्ताविना गुदमरून मेलेल्या असतात. घराणे तेच, मरण्याची तऱ्हा संपूर्ण वेगळी. गर्भपातही असाच : गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांना इजा झाली की वार सुटते आणि शिंगरू मरते.

या एका फरकाचे परिणाम दूरवर गेले. पक्षाघात रोखायचा तर रक्तातल्या विषाणूग्रस्त पांढऱ्या पेशी कमी करायला हव्यात, नुसता नाकातला स्राव थांबवून भागणार नाही. मज्जासंस्थेचा रोग ताप उतरल्यावर का येतो, तेही यातून कळते. आणि वृद्धत्वाचा प्रश्न पुढे आला. प्रयोगांत वीस वर्षांपुढच्या घोड्यांना तरुण घोड्यांपेक्षा बराच अधिक वेळा पक्षाघात झाला. होप-सिम्पसन यांच्या वहीतली वयाची चढती रेषा इथे दुसऱ्या प्राण्यात, दुसऱ्या विषाणूत, दुसऱ्याच यंत्रणेतून पुन्हा दिसते. हे साम्य मला खरे वाटते, कारण ते फरक ओलांडून आलेले आहे.

मग काही साथी इतक्या घातक का? २००६ साली संशोधकांनी जगभरच्या साथींतले विषाणू शेजारी ठेवून पाहिले. विषाणूचे जनुकीय द्रव्य सुमारे दीड लाख अक्षरांचे. लक्ष वेधले ते त्यातल्या एकाच अक्षराच्या बदलाने. विषाणू स्वतःची नक्कल करण्यासाठी जे विकर वापरतो त्याच्या ७५२ व्या जागी एक अमिनो आम्ल दुसऱ्याने बदलले होते, आणि पक्षाघाताच्या साथींशी त्याचा घट्ट संबंध दिसला. पुढच्या वर्षी तो एकच बदल मुद्दाम घडवून पाहिला आणि घोड्यांतला रोग खरोखर बदलला. वर्तमानपत्रांनी लगेच 'घातक जात' असे शब्द छापले. क्षेत्रात काम करणाऱ्यांना ते आवडले नाहीत, कारण तो बदल नसलेल्या विषाणूनेही काही घोडे लुळे होतातच, आणि बदल असलेला विषाणू अनेक घोड्यांत गपचूप पडून असतो. केंटकीतल्या पैदाशीच्या घोड्यांच्या लसिकाग्रंथी तपासल्या तेव्हा निम्म्याहून अधिक घोड्यांत ईएचव्ही-१ सापडला. म्हणजे पागेत बाहेरून काहीही आले नाही तरी साथ सुरू होऊ शकते. लांबचा प्रवास, शिंगरू तोडणे, दुसरे आजारपण, एवढे निमित्त पुरते. २०२१ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या उड्यांच्या स्पर्धेत जमलेल्या शेकडो घोड्यांत साथ पसरली तेव्हा युरोपातल्या स्पर्धा आठवडेच्या आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. माणसांच्या टाळेबंदीचे ते दुसरे वर्ष, त्यामुळे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

औषधाची कथा थोडक्यात सांगतो. १९७० च्या दशकात बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि त्यांचे सहकारी यांनी असायक्लोव्हिर घडवले. एलियन यांनी पीएचडी कधी पुरी केली नाही. १९८८ चे नोबेल मात्र मिळवले. या औषधाची करामत अशी की विषाणूचे स्वतःचे विकर त्याला चेतवते. निरोगी पेशीत ते जवळपास निष्क्रिय राहते, विषाणू असलेल्या पेशीत विष होते. माणसाच्या मेंदूतल्या हर्पिसचे मृत्यू त्याने निम्म्याहून कमी केले. तेच औषध घोड्याला तोंडावाटे द्या, तर दिलेल्यापैकी शेकडा तीनच्या आसपास रक्तात पोचते. घोड्याचे आतडे ते घेतच नाही. त्याचे सुधारित रूप, व्हॅलासायक्लोव्हिर, बरेच शोषले जाते, पण त्याने पक्षाघात टळतो का यावर प्रयोगांचे निष्कर्ष एकमताचे नाहीत. पाचशे किलोच्या जनावराला ते औषध आठवडाभर देण्याचा खर्च ऐकून मालकाचा चेहरा कसा होतो, ते इथल्या पशुवैद्यांनी पाहिलेले असेल.

घोड्यापासून माणसाला हा रोग होतो का, हा प्रश्न दर वेळी येतो. ईएचव्ही-१ माणसाला होत नाही. सईस त्याच्या हातांवरून आणि कपड्यांवरून विषाणू दुसऱ्या घोड्यापर्यंत नेतो, एवढेच. पण घराण्याला यजमान बदलण्याची खोड नाही असे समजू नका. माकडांत ओठावरच्या पुरळाइतका किरकोळ असलेला बी विषाणू १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिओवर काम करणाऱ्या विल्यम ब्रेबनर या तरुण डॉक्टरला माकडाच्या चाव्यातून झाला आणि ते दगावले. २०१० साली जर्मनीतल्या वुपर्टालच्या प्राणिसंग्रहालयात येर्का नावाची ध्रुवीय अस्वलीण मेंदूच्या दाहाने मेली. तिच्यात सापडलेला विषाणू ईएचव्ही-१ चाच, पण झेब्ऱ्याकडच्या विषाणूचे तुकडे जोडलेला. आर्क्टिकचे अस्वल आणि आफ्रिकेचा झेब्रा निसर्गात कधी भेटले असते? ती भेट आपण घडवली. स्वतःच्या यजमानात असा विषाणू बहुधा सभ्य राहतो, परक्याच्या घरात तो काय करील याचा नेम नाही.

आपल्याकडे काय चालले आहे? हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने देशी वाणापासून ईएचव्ही-१ ची मृत लस तयार केली आहे. गाभण घोडीला ती पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. तिने गर्भपात कमी होतात. पक्षाघातापासून मात्र आज जगातली कोणतीही लस खात्रीने वाचवत नाही, आणि ज्या मालकाला 'लस दिली म्हणजे झाले' असे सांगितले गेले आहे त्याची फसवणूक झाली आहे.   म्हणूनच सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी हजारो घोडे खांद्याला खांदा लावून उभे असतात तेव्हा मला घोडेबाजाराइतकाच थर्मामीटर आठवतो. यात्रेहून परत आलेल्या घोड्याला तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याची बादली, खरारा वेगळा ठेवावा, आणि दिवसातून दोनदा ताप मोजून लिहून ठेवावा. यात एक पैशाचेही औषध नाही, म्हणून कोणी करत नाही.

माणसाच्या बाजूने गेल्या काही वर्षांतल्या दोन बातम्या सांगून थांबतो. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसले की एपस्टाइन-बारची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. या विषाणूचा घोड्यातला दूरचा नातेवाईक, पाचवा, फुप्फुसात गाठी आणि तंतू तयार करणाऱ्या एका रोगाशी जोडला गेलेला आहे, पण तिथे कारण कोणते आणि सोबती कोणता हे अजून पुरते सुटलेले नाही.

दुसरी बातमी वेल्सची. १ सप्टेंबर २०१३ पासून तिथे नागिणीची लस सरकारी खर्चाने सुरू झाली आणि पात्रतेची रेघ जन्मतारखेवर ओढली गेली. २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळू शकत होती, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच मिळणार नव्हती. एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली दोन माणसे बाकी सर्व बाबतींत सारखी, एकाला लस मिळण्याची शक्यता जवळपास शून्य, दुसऱ्याला निम्म्याजवळ. सात वर्षांनी पाहिले तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी होते. २०२५ साली हे प्रसिद्ध झाले. विषाणू जागा होऊन मेंदूला हळूहळू इजा करतो म्हणून, की लसीने प्रतिकारशक्तीला दुसरीच काही चालना मिळते म्हणून, हे ठरायचे आहे. घोड्यावर काम करणाऱ्यांना यात एक जुना प्रश्न नव्याने दिसतो : इजा मज्जापेशीची आहे की त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिनीची? माणसातही नागिणीनंतर काही रुग्णांत मेंदूच्या धमन्यांना दाह होऊन पक्षाघाताचे झटके येतात. तो विषाणू धमनीच्या भिंतीत सापडलेला आहे. घोड्याच्या मज्जारज्जूतल्या त्या तपकिरी डागांची छायाचित्रे वृद्धांच्या मेंदूवर काम करणाऱ्या किती जणांनी पाहिली असतील, मला शंका आहे. माझ्याकडे काही आहेत. प्रश्नोत्तरांच्या वेळी ज्यांना पाहायची असतील त्यांनी पुढे यावे.